भीती आणि घाई : उत्क्रांतीच्या प्रश्नापुढे ख्रिस्तसभा

दृढीकरण संस्काराच्या पूर्वतयारीच्या वर्गात दहावीत शिकणाऱ्या एका मुलीने मध्यंतरी मला विचारले, “फादर, शाळेच्या पेपरात माणूस उत्क्रांतीतून आला असं मी लिहिते आणि इथे देवानं माणसाला मातीतून घडवलं असं म्हणते. मग दोन्हीकडे मी खरंच बोलते का?” तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता; आपल्याकडून नकळत लबाडी तर होत नाही ना, अशी प्रामाणिक चिंता होती. तो प्रश्न ऐकताच मला फार वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवला. नुकतीच गुरुदीक्षा घेतलेला तरुण धर्मगुरू असताना, जवळजवळ हाच प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला मी “शाळेतले शाळेत ठेव, चर्चमधले चर्चमध्ये,” असे सांगून खाली बसवले होते. तो बसला. पुढे काही महिन्यांत तो वर्गाला येईनासा झाला. का, हे मी त्याला कधी विचारले नाही.

ते उत्तर माझे एकट्याचे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ख्रिस्तसभेतील अनेक अधिकाऱ्यांनी आपल्याच विद्वान पुत्रांना थोड्याफार फरकाने असेच उत्तर दिले. त्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे दोन चुका ठळकपणे दिसतात. एक भीतीची : विज्ञानाचा नवा सिद्धांत श्रद्धेचा घास घेईल या भयाने प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करण्याची. दुसरी घाईची : विज्ञानाचा एखादा सिद्धांत श्रद्धेला अनुकूल दिसताच त्याला देवाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून मिरवण्याची. पहिली चूक आपल्याला सहज ओळखता येते. दुसरी मात्र भक्तीचे रूप घेऊन येते, म्हणून ती ओळखणे अवघड जाते. या दोन्ही चुकांची किंमत कोणी कशी मोजली, ते प्रस्तुत लेखात पाहू.

जुना वारसा

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायांचा शब्दशः अर्थ लावणे हीच ख्रिस्तसभेची सनातन परंपरा होय, असा समज आपल्याकडे आणि आपल्या टीकाकारांकडेही आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. पाचव्या शतकाच्या प्रारंभी संत ऑगस्टीन यांनी ‘उत्पत्ती’वर विस्तृत भाष्य लिहिले. सृष्टीच्या सहा दिवसांकडे सूर्योदय-सूर्यास्ताने मोजायचे दिवस म्हणून पाहता येत नाही, असे त्यांचे मत होते. देवाने आरंभी निर्मितीमध्ये जणू बीजरूप शक्ती पेरल्या आणि त्या यथाकाळ प्रकट झाल्या, अशी कल्पनाही त्यांनी मांडली. हा अर्थातच उत्क्रांतिवाद नव्हे. ऑगस्टीन यांच्यावर डार्विन लादणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु त्यांनी दिलेला एक इशारा आजही ताजा आहे. आकाश, ग्रहतारे, प्राणी यांच्याविषयी निश्चित ज्ञान असलेल्या ख्रिस्तेतर मनुष्यापुढे एखादा ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राचा आधार देऊन अडाणीपणाची विधाने करू लागला, तर हसे त्याचे एकट्याचे होत नाही, शास्त्राचे होते. मग पुनरुत्थान आणि शाश्वत जीवन यांविषयी तेच शास्त्र जे सांगते, त्यावर त्या ऐकणाऱ्याने का विश्वास ठेवावा, असा ऑगस्टीन यांचा रोकडा सवाल आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या विचाराला भक्कम तात्त्विक पाया दिला. देव हा निसर्गातील अनेक कारणांपैकी एक कारण नव्हे. तो सर्व कारणांना अस्तित्व आणि सामर्थ्य देणारा आदिकारण आहे. तो सृष्टीतील वस्तूंना केवळ अस्तित्व देत नाही, तर कारण होण्याची प्रतिष्ठाही देतो. म्हणून एखादी घटना निसर्गनियमाने घडली म्हणजे ती देवाने केली नाही, असे होत नाही. आगेऱ्याच्या सणाला भाताच्या पहिल्या लोंब्या वेदीपाशी आणणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला बियाणे, खत आणि पाऊस यांचे गणित ठाऊक नसते काय? ते ठाऊक असूनही तो देवाचे आभार मानतो आणि त्यात त्याला काहीही विसंगत वाटत नाही. अक्वायनस यांचा सिद्धांत तो आचरणात जगत असतो.

न प्रसिद्ध झालेले निकाल

चार्ल्स डार्विन यांचा ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाला. सजीवांच्या पिढ्यांमध्ये लहान लहान फरक उद्भवतात. परिस्थितीशी जुळणारे फरक ज्यांच्यात असतात ते अधिक संख्येने तगतात व वाढतात. अशा नैसर्गिक निवडीतून दीर्घकाळाने नव्या जाती निर्माण होतात, हा त्याचा गाभा. पुढच्याच वर्षी जर्मनीतील कोलोन येथे भरलेल्या प्रांतिक धर्मसभेने मानवी शरीर अशा आपोआप घडणाऱ्या परिवर्तनातून निर्माण झाले, या मताचा निषेध केला. परंतु तो एका प्रांताचा निर्णय होता. रोमने सार्वत्रिक स्वरूपाचा निषेध जाहीर केला नाही आणि डार्विन यांचा ग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या यादीत कधीही गेला नाही. गंमत अशी की, त्यांचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांचा ‘झूनोमिया’ हा ग्रंथ मात्र १८१७ साली त्या यादीत जाऊन बसला होता.

त्या काळातील सर्वच कॅथलिक विचारवंत घाबरले होते असेही नाही. जॉन हेन्री न्यूमन यांनी १८६८ मधील एका खाजगी पत्रात, हा सिद्धांत खरा असो वा नसो, तो नास्तिकच असला पाहिजे असे नाही, असे मत नोंदवले. सेंट जॉर्ज मायव्हर्ट या इंग्रज कॅथलिक जीवशास्त्रज्ञाने १८७१ साली उत्क्रांती मान्य करून, पण नैसर्गिक निवडीवर आक्षेप घेऊन, एक ग्रंथ लिहिला. पुढे १८७६ साली पोप पायस नववे यांनी त्यांना डॉक्टरेट देऊन गौरविले. आणि ज्या गोष्टीवाचून डार्विन यांचा सिद्धांत अडला होता, ती तर एका मठाच्या बागेत सापडली होती. आईबापांचे गुण संततीत नेमके कसे उतरतात, याचे समाधानकारक उत्तर डार्विन यांच्याकडे नव्हते. ब्रुन येथील ऑगस्टीनियन मठातील धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या हजारो रोपांवर आठ वर्षे प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधले व १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या हयातीत कोणी फारशी दखल घेतली नाही. १९०० साली ते नियम पुन्हा उजेडात आले आणि पुढील काही दशकांत डार्विन व मेंडेल यांच्या विचारांच्या संगमातून आधुनिक उत्क्रांतिशास्त्र उभे राहिले.

मग भीती कोठे होती? ती जाहीर व्यासपीठावर नव्हती, बंद दाराआड होती. फ्रेंच डॉमिनिकन धर्मगुरू मारी-दालमास लरॉय यांनी १८९१ साली एक ग्रंथ लिहून उत्क्रांती आणि श्रद्धा यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. निषिद्ध ग्रंथांच्या मंडळाने त्याविरुद्ध निर्णय घेतला. परंतु तो प्रसिद्ध न करता ग्रंथकर्त्याने स्वतःच आपले मत मागे घ्यावे, असे ठरवले. १८९५ साली लरॉय यांचे माघारीचे पत्र पॅरिसच्या एका वृत्तपत्रात छापून आले. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारे, पवित्र क्रूस संघाचे धर्मगुरू जॉन झाम यांच्या वाट्यालाही तेच आले. त्यांचा ‘इव्हॉल्यूशन अँड डॉग्मा’ हा ग्रंथ १८९६ साली निघाला. ऑगस्टीन आणि अक्वायनस यांच्या विचारसरणीत उत्क्रांतीला जागा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८९८ साली मंडळाने ग्रंथावर बंदी घालण्याचे ठरवले, पण तो निर्णयही जाहीर झाला नाही. झाम यांनी आज्ञापालन केले, पुस्तकाचा प्रसार थांबवण्याची विनंती केली आणि त्या विषयावरील लेखणी कायमची खाली ठेवली. पुढे त्यांनी प्रवासवर्णने लिहिली, विज्ञानातील स्त्रियांच्या कार्यावर ग्रंथ लिहिला. उत्क्रांतीवर पुन्हा काही लिहिले नाही. १९९८ साली मंडळाचे दप्तर अभ्यासकांना खुले झाले, तेव्हा या प्रकरणांचा सविस्तर तपशील जगापुढे आला.

येथे न्यायाने विचार केला पाहिजे. जाहीर निषेध टाळण्यात एक प्रकारचे शहाणपण होते. गॅलिलिओ प्रकरणाची जखम रोमला आठवत होती आणि जे जाहीर बोलले गेले नाही, ते पुढे मागे घ्यावे लागले नाही. संस्था वाचली. पण त्या मौनाचा भार व्यक्तींनी वाहिला. शिवाय सामान्य भाविकाला या प्रश्नावर विचार करण्याचे जे साहाय्य मिळायला हवे होते, ते दोन पिढ्या उशिरा मिळाले. त्या अवधीत प्रश्न विचारणारे किती जण दाराबाहेर गेले, त्याची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही.

वाळवंटातील मिस्सा

या मौनाचा सर्वांत मोठा वाटा आला तो येशूसंघीय धर्मगुरू पिएर तेयार द शार्दँ यांच्याकडे. त्यांचा जन्म १८८१ सालचा, फ्रान्समधील. पहिल्या महायुद्धात त्यांनी जखमी सैनिकांना वाहून नेणारा स्ट्रेचरवाहक म्हणून सेवा केली, नंतर भूशास्त्र व जीवाश्मशास्त्र यांत नाव मिळवले आणि पॅरिसच्या कॅथलिक संस्थेत ते अध्यापन करू लागले. मूळ पापाच्या शिकवणीचा उत्क्रांतीच्या प्रकाशात कसा विचार करता येईल, याविषयी १९२२ साली त्यांनी केलेले एक खाजगी टिपण रोमला पोहोचले. १९२५ साली त्यांना वरिष्ठांनी ठरवून दिलेल्या सहा विधानांवर सही करावी लागली आणि अध्यापन सोडावे लागले. १९२६ पासून पुढची वीस वर्षे त्यांचे वास्तव्य मुख्यतः चीनमध्ये झाले.

त्या दूरदेशी त्यांच्या हातून मोठे शास्त्रीय कार्य घडले. पेकिंगजवळील चौकौत्येन येथे डिसेंबर १९२९ मध्ये प्राचीन मानवाची कवटी सापडली, तेव्हा तेथील संशोधक गटाचे ते भूशास्त्रज्ञ सल्लागार होते. १९३५ साली ते भारतातही आले. हेल्मुट द टेरा आणि पॅटरसन यांच्या मोहिमेबरोबर त्यांनी पंजाबात व नर्मदेच्या खोऱ्यात आदिमानवाच्या दगडी हत्यारांचा व भूस्तरांचा अभ्यास केला. त्याच नर्मदेच्या खोऱ्यात, हथनोरा येथे, १९८२ साली भारतीय भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवी कवटीचा भाग मिळाला.

तेयार यांच्या आध्यात्मिकतेची खूण सांगणारा एक प्रसंग १९२३ सालचा. संशोधनासाठी ते ऑर्डोसच्या वाळवंटात होते. मिस्सासाठी ना भाकर होती, ना द्राक्षारस, ना वेदी. तेव्हा अखिल पृथ्वी हीच वेदी आणि जगातील सर्व श्रम व दुःख हेच अर्पण, अशा भावनेने त्यांनी प्रार्थना केली आणि ती शब्दबद्ध केली. सृष्टीचा प्रवास जडातून जीवनाकडे, जीवनातून जाणिवेकडे आणि अखेरीस ख्रिस्ताकडे चालला आहे, ही त्यांची दृष्टी. त्यांचा प्रमुख ग्रंथ १९४० पर्यंत लिहून झाला. प्रकाशनाची परवानगी कधीच मिळाली नाही. पॅरिसमधील मानाचे अध्यापनपद स्वीकारण्यासही नकार मिळाला. त्यांनी येशूसंघ सोडला नाही, धर्मगुरुपद सोडले नाही. १० एप्रिल १९५५ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची पुस्तके त्यानंतर निघाली. १९६२ साली रोमने त्यांच्या लेखनाविषयी सावधगिरीचा इशारा दिला. परंतु पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली त्यांच्या विश्वव्यापी अर्पणाच्या दृष्टीचा आदराने उल्लेख केला आणि २०१५ सालच्या पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातही त्यांची आठवण आहे.

तेयार यांचे सगळेच विचार स्वीकारार्ह आहेत असे मी म्हणत नाही. विज्ञान कोठे संपते आणि कवित्व वा ईशज्ञान कोठे सुरू होते, हे त्यांच्या लेखनात नेहमी स्पष्ट नसते. दुष्टाईचे गांभीर्य त्यात उणे वाटते, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण हे आक्षेप त्यांच्या हयातीत, त्यांच्या समक्ष, खुल्या चर्चेत घेतले गेले असते, तर त्यांचाही विचार सुधारला असता आणि आपलाही.

पोपना थांबवणारा धर्मगुरू

आता दुसऱ्या चुकीकडे वळू. त्यासाठी आणखी एका धर्मगुरूची ओळख करून घेतली पाहिजे. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र (१८९४–१९६६) हेही महायुद्धात लढलेले. १९२३ साली त्यांनी गुरुदीक्षा घेतली आणि केंब्रिज येथे खगोलशास्त्राचा अभ्यास केला. विश्व प्रसरण पावत आहे, हा निष्कर्ष त्यांनी १९२७ साली आइन्स्टाइन यांच्याच समीकरणांतून काढला. आइन्स्टाइन यांना तो प्रथम मुळीच पटला नव्हता. १९३१ साली लमेत्र यांनी आणखी पुढे जाऊन, विश्वाचा आरंभ एका अत्यंत घन आदि-अणूतून झाला असावा, अशी कल्पना ‘नेचर’ या नियतकालिकातील छोट्या टिपणात मांडली. त्या टिपणाच्या हस्तलिखितात शेवटी देवाविषयी एक वाक्य होते. छापण्यापूर्वी त्यांनी ते स्वतःच खोडले. देवावरील श्रद्धा ढळली म्हणून नव्हे, तर विज्ञानाच्या लेखात त्या वाक्याची जागा नाही म्हणून.

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी परमधर्मपीठीय विज्ञान अकादमीपुढे भाषण केले. आधुनिक विज्ञानाने जणू देवाच्या ‘प्रकाश होवो’ या आदिवचनाची साक्ष दिली आहे, असा त्या भाषणाचा सूर होता. जगभरच्या कॅथलिकांना आनंद झाला. लमेत्र यांना मात्र चिंता वाटली. त्या वेळी विश्वाला आरंभच नाही असे मानणारा, फ्रेड हॉइल आदींनी १९४८ साली मांडलेला, प्रतिस्पर्धी सिद्धांत जोरात होता आणि निर्णायक पुरावा कोणत्याच बाजूने नव्हता. उद्या हॉइल यांचे म्हणणे खरे ठरले असते तर? देवावरील श्रद्धा दुर्बिणीच्या पुढील निरीक्षणावर टांगणीला लागली असती. लमेत्र यांनी व्हॅटिकन वेधशाळेच्या संचालकांच्या साहाय्याने पोप महोदयांपर्यंत आपले म्हणणे पोहोचवले, असे इतिहासकार सांगतात. सप्टेंबर १९५२ मध्ये पोप महोदय रोम येथे खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेपुढे बोलले, तेव्हा तसा दावा त्यांनी पुन्हा केला नाही. पुढे १९६५ साली आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या शोधामुळे लमेत्र यांच्या कल्पनेला बळकट आधार मिळाला. ती बातमी त्यांना अखेरच्या आजारपणात कळली. तरीही आपला सिद्धांत धर्माच्या बाजूचा वा विरुद्ध बाजूचा आहे, असे त्यांनी कधी म्हटले नाही.

मला वाटते, हा प्रसंग आपल्या धर्मशिक्षणाच्या प्रत्येक वर्गात सांगितला पाहिजे. श्रद्धेला अनुकूल असा पुरावा हाती येत असतानाही सत्याच्या प्रेमापोटी तो नाकारणारा धर्मगुरू आणि त्याचे ऐकणारा पोप, दोघेही आपल्याला काही शिकवतात.

मोकळे झालेले दार

भीतीही हळूहळू ओसरली. १९४३ साली पोप पायस बारावे यांनीच पवित्र शास्त्राच्या अभ्यासकांना प्राचीन साहित्यप्रकार ध्यानात घेऊन अर्थ लावण्यास प्रोत्साहन दिले. १२ ऑगस्ट १९५० रोजीच्या ‘ह्युमानी जेनेरिस’ या परिपत्रकाने, मानवी शरीर पूर्वीच्या सजीव द्रव्यातून विकसित झाले काय, याचा शोध घेण्यास तज्ज्ञांना मुभा दिली. आत्मा मात्र प्रत्यक्ष देवाकडून येतो, हे बजावले. १९६५ साली द्वितीय व्हॅटिकन महासभेने ऐहिक ज्ञानशाखांची रास्त स्वायत्तता मान्य केली आणि तिचा आदर न करणाऱ्या ख्रिस्ती प्रवृत्तींबद्दल खेद व्यक्त केला. २२ ऑक्टोबर १९९६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी, नव्या ज्ञानामुळे उत्क्रांतीचा सिद्धांत आता निव्वळ गृहीतक राहिलेला नाही, हे स्पष्ट केले. मात्र मानवी मनाला केवळ जड द्रव्याचे उपफळ मानणारे तत्त्वज्ञान मनुष्याच्या प्रतिष्ठेशी जुळत नाही, असेही त्यांनी निक्षून सांगितले. झाम यांच्या मौनाला तोवर जवळजवळ शंभर वर्षे झाली होती.

सर्व प्रश्न सुटले आहेत काय? नाहीत, आणि तसे भासवणे हीदेखील घाईच ठरेल. आजचे जनुकशास्त्र सांगते की, आपले पूर्वज हजारोंच्या समूहाने होते. एकाच जोडप्यापासून सर्व मानवजात, ही कल्पना त्याच्याशी सहजी जुळत नाही. १९५० सालच्या परिपत्रकाने तर याच मुद्द्यावर सावध राहण्यास सांगितले होते. तेव्हा मूळ पापाची शिकवण कोणत्या शब्दांत मांडावी, याचा ईशज्ञानी आजही विचार करीत आहेत. कोट्यवधी वर्षांच्या त्या झगड्यात मुक्या जीवांनी भोगलेल्या वेदनेचा अर्थ काय, हाही प्रश्न आहेच. त्याला माझ्यापाशी क्रूसाकडे बोट दाखवण्यापलीकडे उत्तर नाही.

त्या मुलीला मी काय सांगितले, ते लिहून थांबतो. मी म्हणालो, “बाळ, तुझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तुझ्या आईबाबांनी, देवानं आम्हांला मुलगी दिली, म्हणून आभार मानले. नऊ महिने काय झालं ते त्यांना ठाऊक होतं, डॉक्टरांनाही ठाऊक होतं. मग ते आभार खोटे होते का?” ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “नाही. पण फादर, मग आदाम?” मी तिला खाली बसवले नाही. हा प्रश्न माझ्यापेक्षा विद्वान माणसेही अजून सोडवीत आहेत, हे तिला सांगितले आणि पुढचा रविवार त्याच चर्चेसाठी राखून ठेवला. त्या रविवारी ती आली. येताना आपल्या दोन मैत्रिणींनाही घेऊन आली.